प्रिमरोज हिलला जाऊन काय कराल?

लंडनच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला आमच्या वस्तीतील एक विद्यार्थी जाण्यापूर्वी भेटायला आला. मोबाईलवर त्याने एक यादी उघडून दाखवली. लंडनच्या प्रिमरोज हिल या उच्चभ्रू वस्तीत एक दिवस कसा घालवावा, याची ती यादी होती. टेकडीवर चढून शहराचे दृश्य पाहा, चॅल्कॉट स्क्वेअरची रंगीत घरे पाहा, रीजंट्स पार्क रोडवर कॉफी प्या, कालव्याच्या काठाने फिरा आणि वेळ उरला तर जवळचे प्राणिसंग्रहालय पाहा! यादी वाचून झाल्यावर मी विचारले, "यात किंग हेन्रीज रोडचे दहा नंबरचे घर कुठे आहे?" तो म्हणाला, "सर, ते यादीत नाही."

यादी करणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. ज्याला जे मोलाचे वाटते तेच तो यादीत लिहितो. प्रश्न आपला आहे. आपली यादी आपण केली आहे काय?

ही वस्ती म्हणजे केवळ कॉफीची दुकाने नव्हेत. सुमारे ६३ मीटर उंचीची ही टेकडी १८४२ पासून सर्वसामान्यांसाठी खुली आहे. वेल्श भाषेची अस्मिता जागवण्यासाठी योलो मॉर्गनुग यांनी १७९२ साली याच टेकडीवर कवींचा मेळा भरवला. त्याची खूण तेथे दगडात कोरलेली आहे. रीजंट्स पार्क रोडवरील १२२ क्रमांकाच्या घरात कार्ल मार्क्सचे सहकारी फ्रेडरिक एंगल्स १८७० पासून वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. त्या घरावरही फलक आहे. म्हणजे आज जेथे श्रीमंतच घर घेऊ शकतात, त्या वस्तीची कीर्ती श्रीमंतांनी वाढवलेली नाही. ती प्रस्थापितांशी भांडणाऱ्या माणसांनी वाढवली आहे. त्याच मालिकेत किंग हेन्रीज रोडचे दहा नंबरचे घर येते. १९२१-२२ या काळात विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते.

त्या काळी ही वस्ती आजच्यासारखी ऐटबाज नव्हती. जवळूनच रेल्वेचे रूळ जात, वाफेच्या इंजिनांची काजळी घरांवर बसे. गरीब विद्यार्थ्याला तेथे राहणे शक्य होते. पण या पत्त्याचे खरे महत्त्व कळायचे तर बडोदे आठवावे लागते. १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला कोणी जागा दिली नाही. पारशी सरायीत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हाकलले. परदेशात शिकून आलेला हा विद्वान आपल्याच देशात एका झाडाखाली बसून रडला. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला पोचले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी.! इकडे मुंबईत माता रमाई अर्धपोटी संसार ओढत होत्या. दहा नंबरच्या घराचे भाडे त्यांच्याही कष्टातून भरले गेले, हे तेथे जाणाऱ्याने विसरू नये.

हे घर विक्रीला निघाल्याचे कळताच ब्रिटनमधील आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने ते विकत घेण्याचा आग्रह धरला. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून ते घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. हारतुरे झाले, छायाचित्रे झाली. पण राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर तेथील कायद्याने वापर बदलण्याची परवानगी लागते. ती घेतलेलीच नव्हती! आधी उद्घाटन आणि मागून परवानगी ही आपल्या राज्यकर्त्यांची जुनी खोड लंडनमध्ये चालली नाही. २०१८ साली परवानगीसाठी अर्ज गेला आणि कॅम्डेनच्या स्थानिक परिषदेने तो फेटाळला. कारण दिले की शहरात घरांची टंचाई आहे, राहण्याची जागा कमी करता येणार नाही. काही शेजाऱ्यांची तक्रार होती की बस भरभरून माणसे येतात, गोंगाट होतो, शांतता भंगते.

वकील म्हणून मी या परिषदेला सरसकट जातीयवादी म्हणणार नाही. घरांची टंचाई खरी होती आणि नियम सर्वांना सारखा होता. परंतु शेजाऱ्यांची तक्रार वाचताना दादर आठवल्यावाचून राहत नाही. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या परिसरात असाच सूर ऐकू येतो. गर्दी, घाण, गोंगाट! लाखो माणसे शिस्तीने रांगेत उभी राहतात, उपाशीतापाशी दर्शन घेतात आणि परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. पुस्तकांची एवढी विक्री होणारा दुसरा दिवस दादरला सापडेल काय? तरी त्या माणसांना वाचक न म्हणता गर्दी म्हणतात. उच्चभ्रू वस्ती दादरची असो वा लंडनची, कष्टकऱ्यांची माणसे दाराशी आली की तिला शांतता आठवते.

मग हा वाद कसा मिटला? मोर्चाने नाही, घोषणांनीही नाही. निर्णयाविरुद्ध अपील झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली. साक्षी झाल्या, युक्तिवाद झाले, घराचे ऐतिहासिक मोल पुराव्यानिशी मांडले गेले. मार्च २०२० मध्ये तेथील मंत्र्यांनी अटींसह परवानगी दिली. ज्या घरात बाबासाहेब बॅरिस्टर झाले ते घर शेवटी कायद्याच्या मार्गानेच वाचले. आपल्या तरुण वकिलांनी हा धडा गिरवावा.

काही जण विचारतात, इंग्लंडमध्ये कशाला हवे हे स्मारक? तेथे कुठे जात आहे? जात आपल्या माणसांबरोबर विमानाने केव्हाच पोचली आहे! २०१३ साली ब्रिटिश संसदेने समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले. पण जुलै २०१८ मध्ये सरकारने हात झटकले. न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत, वेगळ्या तरतुदीची गरज नाही, असे सांगितले. ज्या वर्षी दहा नंबरच्या घराची परवानगी नाकारली गेली, त्याच वर्षी हेही घडले. म्हणून हे घर तेथे हवे. लंडनच्या शाळकरी मुलांना जात म्हणजे काय आणि तिच्याशी कोण कसे लढले, हे सांगणारा एक तरी पत्ता हवा.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला मी दुसरी यादी दिली. चॉक फार्म स्टेशनवर उतर. चालत किंग हेन्रीज रोडला जा, पण त्याआधी घर केव्हा उघडे असते याची चौकशी कर. रस्त्यावर गोंगाट करू नकोस, कारण तुझ्या एकट्याच्या वागण्यावरून ते सबंध समाजाला जोखतील. बाहेरचा फलक वाच, एक फोटो काढ आणि मोबाईल खिशात ठेव. मग आत जा आणि घाई करू नकोस. तेथून शार्पल्सहॉल स्ट्रीटवरचे छोटे वाचनालय पाहा. २०१२ साली परिषदेने त्याचा खर्च थांबवला, तेव्हा रहिवाशांनी वर्गणी आणि श्रमदानावर ते चालू ठेवले. श्रीमंत वस्तीकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते हे! आपल्या किती विहारांत चालू वाचनालय आहे, हे स्वतःला विचार. शेवटी टेकडीवर चढ. सगळे लंडन दिसेल. तेथे बसून घरी आईला फोन कर.

आणि शासनाला आमचे सांगणे एवढेच आहे की हे घर वर्षातून दोनदा हार घालण्याची जागा होऊ देऊ नका. तेथे अभ्यासिका हवी, ग्रंथ हवेत, संशोधकांची व्याख्याने हवीत. घराला तीस लाख पौंड देणाऱ्या शासनाने परदेश शिष्यवृत्तीचा हप्ता विद्यार्थ्याच्या हाती वेळेवर पडेल हेही पाहावे. केंद्र सरकारने तर २०२२ साली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज या विषयांवरील संशोधनच वगळले. म्हणजे बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, तसे काम करायला आजचा विद्यार्थी या शिष्यवृत्तीवर जाऊ शकणार नाही. भिंती विकत घ्यायच्या आणि त्या भिंतींआड झालेला विचार बाहेर ठेवायचा, याला स्मारक म्हणत नाहीत.

तो विद्यार्थी आता लंडनला पोचला आहे. ज्यांची मुले तिकडे आहेत त्या बांधवांनीही ही यादी त्यांना जरूर पाठवावी. इतरांच्या यादीत आपले घर नसेल तर रडत बसू नये, आपली यादी आपणच लिहावी.

जयभीम!