उसात रात्री जाताना बॅटरी कोणती घ्यावी?

शेतीपंपाला आळीपाळीने दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास वीज, हा हिशेब आपल्याला पाठ आहे. दिवसाच्या विजेसाठी सौर कृषी वाहिनी योजना आली, पण ज्याची रात्रपाळी चुकलेली नाही त्याला बॅटरी घेऊन दारे धरायला जावेच लागते. शिराळा-वाळव्याकडे बिबट्या आता नवलाचा राहिला नाही. मार्च २०२१ मध्ये तर तो सांगलीत राजवाडा चौकापर्यंत आला होता. मग विश्रामबागेत दुकानात जाऊन आपण मागतो काय, तर ‘शिकारीची, लांब पल्ल्याची द्या!’

इथेच गफलत होते. शिकारीची बॅटरी जनावराला सुगावा न लागता हेरण्यासाठी असते. परदेशात कोल्ह्याच्या शिकारीला तिच्यावर लाल काच चढवतात, कारण लाल उजेड त्या जनावराला कमी जाणवतो. आपल्याला बिबट्या हुडकायचा नाही. आपण येतोय हे त्याला आधी कळले पाहिजे, म्हणजे तो वाट सोडतो. शिवाय डोक्यावर गेलेल्या उसात लांबचा झोत पहिल्या दोन सरीतच अडतो. पुढचे फुकट.

तेव्हा पांढऱ्या, पसरट उजेडाची घ्या. बांध आणि दोन्ही अंगाचा ऊस एकदम दिसला पाहिजे. त्यातही कपाळावर पट्ट्याने बांधायची बॅटरी उत्तम. दोन्ही हात खोऱ्याला मोकळे राहतात आणि उजेड आपल्या नजरेबरोबर फिरतो. बिबट्याच्या डोळ्यांतून उजेड आल्या वाटेनेच परततो, म्हणून कपाळावरच्या बॅटरीने त्याचे डोळे चमकलेले चटकन दिसतात. चमकले तर पाठ फिरवून पळू नका. उभे राहा, आवाज करा, हळूहळू मागे सरा. दारे मोडताना वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा भासतो, म्हणून एकाने वाकावे, दुसऱ्याने काठी घेऊन उभे राहावे. मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा, लाजायचे कारण नाही. खोक्यावरच्या लुमेनच्या आकड्याला भुलू नका, अंधारात लावून किती वेळ टिकते ते बघा.

गोठ्यासाठी केनियातल्या रिचर्ड तुरेरे या मसाई पोराची युक्ती बघण्यासारखी आहे. सिंह गुरे मारायचे, म्हणून त्याने गोठ्याभोवती एकामागून एक लुकलुकणारे दिवे लावले. माणूस फिरतोय असे सिंहाला वाटे. पण एकाच जागी रोज तेच दिवे असले की जनावर सरावते. दिव्यांची जागा बदलत राहा, आणि बंदिस्त गोठ्याला दिवा हा पर्याय धरू नका.

पोलीस पाटील व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. बिबट्या दिसला की ट्रॅक्टरचे दिवे लावून शंभर माणसे उसाला वेढा घालतात, हे थांबवा. कोंडलेले जनावर अंगावर येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हाकून नेणे, सापळा लावणे हेही शिकारीतच धरतात. बिबट्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद आहे. त्यापेक्षा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. शेळी किंवा वासरू मारले असेल तर ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत ते जागचे हलवू नका, नाहीतर भरपाईला अडचण येते.