धार गेली की संधी? दिग्दर्शकांना मोजण्याच्या दोन फूटपट्ट्या

एखाद्या चित्रपटाने अपेक्षेइतका गल्ला जमवला नाही की समाजमाध्यमांवर निकाल लागायला दोन दिवसही पुरतात. ‘नागराज संपला’, ‘पा. रंजित आता स्वतःलाच गिरवतो’ अशी शेरेबाजी आपले तरुणही करू लागले आहेत. नामवंत दिग्दर्शकांची सर्जनशीलता आटते का, हा प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना आपण सगळ्यांना एकाच मापाने मोजतो का, हे आधी तपासले पाहिजे.

राम गोपाल वर्मांचेच पाहा. ‘शिवा’ (१९८९), ‘सत्या’ (१९९८), ‘कंपनी’ (२००२) या चित्रपटांनी हिंदी पडद्याची भाषा बदलली. २००७ मध्ये ‘शोले’वर बेतलेली ‘आग’ आली आणि त्यांचे हसे झाले. तरीही पुढची दीड दशके ते चित्रपट काढतच राहिले. जानेवारी २०२५ मध्ये ‘सत्या’ पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा यशाच्या धुंदीत आपली दृष्टी हरवल्याचे त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिले.

आशुतोष गोवारीकरांच्या ‘स्वदेस’मध्ये (२००४) गावातल्या सिनेमाचा एक प्रसंग आहे. मध्ये पडदा, एका बाजूला सवर्ण, दुसऱ्या बाजूला उलटे चित्र बघणारी ‘खालची’ माणसे. नायक तो पडदाच काढून टाकतो. जातिव्यवस्था इतक्या साधेपणाने दाखवणारा हा दिग्दर्शक पुढे ‘मोहेंजो दारो’ (२०१६) आणि ‘पानिपत’च्या (२०१९) भव्य सेटमध्ये हरवला. ‘मोहेंजो दारो’ सपशेल आपटल्यावरही ‘पानिपत’साठी पैसा उभा राहिला, हे लक्षात ठेवा.

या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट दिसते. धार वयामुळे जात नाही. माणसांकडे बघणे थांबले आणि स्वतःच्या जुन्या यशाकडे बघणे सुरू झाले की ती जाते.

आता हीच कसोटी आपल्या दिग्दर्शकांना लावू. ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’नंतर (२०१६) नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी आला. ‘सैराट’च्या कमाईशी तुलना करून त्याला अपयशी ठरवले गेले. चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे, उत्तरार्धात तो रेंगाळतो, ही टीका योग्यच आहे. पण पासपोर्टसाठी ओळखीचा एक कागद मिळवायला वणवण करणारी आदिवासी मुलगी आणि तिचा बाप ज्याला दिसतात, त्याची नजर बोथट झाली असे कसे म्हणायचे? आठवडाभराने ‘द काश्मीर फाइल्स’ आला. त्याला अनेक राज्यांनी करमाफी दिली. ‘झुंड’ला ती का नाही, हा प्रश्न निर्मात्या सविता राज हिरेमठ यांनी तेव्हा उघडपणे विचारला होता. २०२३ चा ‘घर बंदूक बिरयानी’ही अनेकजण नागराजच्या खात्यावर मांडतात. त्याचे दिग्दर्शन हेमंत अवताडे यांचे होते.

नीरज घेवान यांच्या ‘मसान’चे (२०१५) कान महोत्सवात कौतुक झाले. त्यांचा पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट ‘होमबाउंड’ यायला २०२५ उजाडले. मधल्या दहा वर्षांत ‘गीली पुच्ची’ हा लघुपट आणि ‘मेड इन हेवन’मधला बौद्ध पद्धतीच्या विवाहाचा भाग त्यांनी दिला. म्हणजे प्रतिभा जागीच होती. ‘होमबाउंड’ पुन्हा कानला गेला आणि भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला.

खरा भेद इथे आहे. प्रस्थापित दिग्दर्शकाचा चित्रपट पडला तर तो एका माणसाचा पडतो. आपल्यातल्या दिग्दर्शकाचा पडला तर ‘हे विषय चालत नाहीत’ असा निकाल लागतो आणि मागून येणाऱ्या दहाजणांचे दार बंद होते. चुकण्याची, फसण्याची मुभासुद्धा या देशात सारखी वाटली गेलेली नाही.

म्हणून आपल्या कलावंतांची आरती ओवाळायची का? मुळीच नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. कलेतही तो तितकाच आहे. पा. रंजित यांच्या ‘तंगलान’मध्ये (२०२४) कोलारच्या सोन्याच्या कथेत बुद्ध येतात म्हणून चित्रपट आपोआप चांगला ठरत नाही. ‘सारपट्टा परंबरै’ची (२०२१) घट्ट पकड त्यात नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. मात्र याच रंजितनी ‘नीलम’ ही निर्मितीसंस्था उभारली आणि मारी सेल्वराज यांचा पहिला चित्रपट ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) तिनेच काढला, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. एकाची धार कमी झाली तरी दुसरा उभा राहील, अशी ही व्यवस्था आहे.

महाराष्ट्रात अशी व्यवस्था किती आहे? आपण एका नागराजवर सगळा भार टाकतो आणि तो दमला की त्यालाच बोल लावतो. विहारांत, वसतिगृहांत चित्रपट मंडळे सुरू करा. चित्रपट पहिल्याच आठवड्यात तिकीट काढून बघा. मग न भिता परखड लिहा, पण गल्ला मोजून नव्हे. या दिग्दर्शकाला माणूस अजून दिसतो का, एवढा प्रश्न पुरे. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याचा एखादा फसलेला चित्रपट पचवण्याइतके बळ समाज म्हणून आपल्यात असले पाहिजे.