मॉडेलमध्ये बाई कुठे असते?

‘कॉम्प्युटर कुणाची बाजू घेत नाही’ हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकते आहे. कारखान्यात टार्गेट वाढलं, शिफ्ट बदलल्या, लाईनवरची माणसं कमी झाली, की कामगारांना सांगितलं जातं : हे आम्ही ठरवलेलं नाही, कॉम्प्युटरनं काढलेलं आहे. कॉम्प्युटरकडून असे हिशेब करून घेणं हाच माझा व्यवसाय. म्हणून मैत्रिणींनो, आतल्या माहितीवरून सांगते. कॉम्प्युटर बाजू घेत नसेल, पण त्याला आकडे पुरवणारे घेतात. आणि त्या आकड्यांमध्ये बाई बहुतेक वेळा नसतेच.

मी सिस्टीम्स इंजिनिअर आहे आणि औद्योगिक सिम्युलेशनचं काम करते. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी. रेशनच्या दुकानासमोरची रांग डोळ्यांपुढे आणा. माणसं साधारण किती मिनिटांनी येतात, एकेकीला धान्य मोजून द्यायला किती वेळ लागतो, काटा कधी बिघडतो, दुकानदार जेवायला कधी उठतो, हे सगळं कॉम्प्युटरला सांगायचं. मग तो महिन्याभराच्या रांगा काही क्षणांत लावून दाखवतो. आणखी एक काटा आणला तर रांग किती कमी होईल, हे काटा विकत न घेताच कळतं. मोटारींच्या कारखान्यात रांगेत माणसांऐवजी गाड्यांचे सांगाडे असतात. वेल्डिंगकडून पेंट शॉपकडे, पेंट शॉपकडून असेंब्लीकडे ते सरकत असतात. कुठे तुंबतं, का तुंबतं, हे शोधणं माझं काम.

कारखाना मोठा असला की त्याचं मॉडेल एका कॉम्प्युटरला झेपत नाही. मग तुकडे करून ते अनेक कॉम्प्युटरवर वाटून द्यावं लागतं. याला वितरित संगणन म्हणतात. यात खरी अडचण वेळेची. प्रत्येक तुकड्याचं घड्याळ आपापल्या वेगानं पळतं. असेंब्लीचं मॉडेल दुपारी तीनपर्यंत पोचलं आणि मागून पेंट शॉपच्या मॉडेलनं दोन वाजताची गाडी पाठवली, की सगळं उत्तर बिघडलं! मणी चंडी आणि जयदेव मिश्रा या भारतीय वंशाच्या दोन संशोधकांनी १९७९ साली यावर एक पद्धत मांडली. प्रत्येक तुकड्यानं शेजाऱ्याला सांगत राहायचं, ‘अमुक वाजेपर्यंत माझ्याकडून काही येणार नाही.’ शेजाऱ्यानं तेवढंच पुढे जायचं. म्हणजे जो मागे आहे त्याच्यासाठी पुढच्यानं थांबायचं. आपण शिबिरांतून म्हणतो ना, की सगळ्यात मागच्या बाईला घेऊन चालायचं? या पद्धतीत ती नुसती सदिच्छा नाही, नियम आहे. मागच्याला सोडून पुढे गेलं तर हिशेबच खोटा ठरतो. पण हीच यंत्रणा वापरून ज्या लाईनचा हिशेब होतो, तिथे मागे पडणाऱ्या बाईला थेट लाईनवरून काढलं जातं.

आता हे आकडे येतात कुठून ते पाहू. कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन लाईनपाशी उभं राहतं आणि मोजतं. १९९० च्या दशकात हे ‘कुणीतरी’ जवळजवळ नेहमी पुरुष असे. त्यालाही कारण होतं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ नुसार संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बायकांना कारखान्यात कामावर ठेवता येत नसे. राज्य सरकारला या वेळा थोड्याफार बदलता येत. पण मासळीच्या उद्योगासारखे अपवाद सोडले तर रात्री १० ते पहाटे ५ ही बंदी पक्की होती, आणि ती अधिकारी बायकांनाही लागू होती. यंत्रांच्या चाचण्या आणि लाईनमधले बदल नेमके रात्री होत. माझ्यानंतर नोकरीला लागलेली मुलं रात्री प्लँटवर जात आणि अनुभवी ठरत. मी ऑफिसात त्यांनी आणलेले आकडे भरत असे. बढतीच्या वेळी ‘तुम्हाला शॉप फ्लोअरचा अनुभव कमी’ हे ऐकावं लागे. मद्रास उच्च न्यायालयानं २००० साली ही बंदी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रानं २०१५ साली कायद्यात बदल केला. संरक्षण हवं की समान संधी, हा वाद आपल्या चळवळीतही खूप झाला. मला वाटतं, रात्रीचं वाहन, उजेड, सोबत आणि बाईची संमती या गोष्टी मागायला हव्या होत्या. बाईला घरी बसवणं हे संरक्षण नव्हे. पण माझ्या बढतीपेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं. मोजणाऱ्यांत बाई नव्हती, म्हणून जे पुरुषाला दिसत नाही ते मोजलंच गेलं नाही.

एक उदाहरण देते. पुण्याजवळच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनतात. त्याला हार्नेस म्हणतात. लाईनवर जवळपास सगळ्या बायका, बहुतेक कंत्राटी. उभं राहून, सरकत्या पाट्यावर एकेक वायर बसवत जायचं. लाईनचं रोजचं टार्गेट पुरं होत नव्हतं, म्हणून मॉडेल करायला मला बोलावलं. हाती दिलेल्या तक्त्यात प्रत्येक यंत्राच्या बिघाडाचा वेळ होता, तेल-पाण्याचा होता, टेस्टिंग बोर्ड बदलण्याचा होता. कामगाराच्या रकान्यात मात्र ‘उपलब्धता १०० टक्के’. यंत्राला विश्रांती आहे आणि बाईला नाही, हे कसं? मी विचारलं. उत्तर मिळालं, ‘मॅडम, त्या जातात मधेच, पण तो वेळ आम्ही धरत नाही.’

मी दोन दिवस लाईनवर उभी राहिले. संडास दुसऱ्या शेडमध्ये, मधे मोकळं आवार. जाऊन यायला दहा-अकरा मिनिटं. जागेवर उभं राहायला बदली बाई नाही, म्हणून सुपरवायझरची परवानगी. एकजण हलली की पुढच्या सगळ्यांचं अडतं, म्हणून शेजारणीही कुरकुरायच्या. मी एकीला विचारलं, ‘मग तुम्ही काय करता?’ ती म्हणाली, ‘काय करणार ताई, आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही.’ लघवीच्या जागी आग होणं, ताप, पाळीच्या दिवसांत खाडा, हे मग ओघानंच आलं. त्या खाड्यांची नोंद मात्र ‘बायकांची गैरहजेरी’ म्हणून चोख होती!

हे काही कुणाला माहीत नसलेलं ज्ञान नव्हे. तेव्हा लागू असलेल्या कारखाना कायद्याचं कलम १९ संडास-मुताऱ्या सोयीच्या जागी आणि कामगारांना कायम खुल्या असाव्यात असं सांगत होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कार्य-अभ्यासाच्या पुस्तकात वैयक्तिक गरजांसाठी पुरुषांना ५ टक्के आणि बायकांना ७ टक्के सवलत धरलेली आहे. आठ तासांच्या शिफ्टमध्ये ७ टक्के म्हणजे साधारण अर्धा तास. इंजिनिअर हे पुस्तक शिकूनच बाहेर पडतात. तक्ता भरताना तेवढा अर्धा तास शून्य होतो.

मी तो वेळ मॉडेलमध्ये घातला. उत्तर स्पष्ट आलं. ठरवलेलं टार्गेट कागदावरच शक्य होतं. दोन बदली कामगार ठेवल्या आणि संडास त्याच शेडमध्ये आणला, तर लाईन कमी वेळा थांबत होती. माझ्या अहवालाचं काय झालं? बदली कामगारांची सूचना मान्य झाली, कारण तिच्यामुळे माल वाढत होता. संडासाचं पान अंतिम अहवालातून गळलं, कारण त्याला खर्च होता. बाईची तब्येत जेवढी उत्पादनाच्या आड आली, तेवढीच मोजली गेली.

म्हणून सिम्युलेशन फेकून द्यावं का? मुळीच नाही. त्याच साधनानं त्या बायकांचं म्हणणं पहिल्यांदा आकड्यांत मांडलं गेलं. प्रश्न साधन कुणाच्या हाती आहे हा आहे. सिम्युलेशनसाठी ‘सिम्युला’ ही भाषा १९६० च्या दशकात ऑस्लोमध्ये क्रिस्टेन न्यूगार्ड आणि ओले-योहान दाल या दोघांनी तयार केली. आपल्या भाषेचा वापर इतरांच्या कामाची आखणी करायला होतो, त्याचे परिणाम कामगारांना भोगावे लागतात, आणि त्यांना मात्र कुणी विचारत नाही, हे न्यूगार्ड यांना दिसलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर बसले. नवी यंत्रणा म्हणजे काय, तिच्याबद्दल काय विचारायचं, हे कामगारांनी स्वतः शिकून घेतलं. पुढे १९७५ साली तिथे कामगार महासंघ आणि मालक संघटना यांच्यात कॉम्प्युटर यंत्रणांबद्दल करार झाला, आणि १९७७ च्या कायद्यानं कामाची आखणी करणाऱ्या यंत्रणांची माहिती मिळण्याचा हक्क कामगारांना दिला.

आपल्याकडे हे का होऊ नये? ‘तांत्रिक’ म्हटलं की आपल्यातल्या अनेकजणी मागे सरतात. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम सहा स्त्रियांनी लिहिले होते. वितरित संगणनात पायाभूत काम करणाऱ्या बार्बरा लिस्कोव्ह यांना २००८ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. हे क्षेत्र कुणाच्या बापाचं नाही. आणि प्रश्न विचारायला तर इंजिनिअर असण्याचीही गरज नाही.

कामगार बायकांत काम करणाऱ्या गटांना माझी विनंती आहे. ‘कॉम्प्युटरनं टार्गेट काढलं’ असं कुणी म्हणालं, की तीन गोष्टी मागा. कोणते आकडे भरले ते दाखवा. ते कुणी, कधी, कुणाला विचारून मोजले ते सांगा. आणि पाणी, संडास, पाळी, दूध पाजणं, आजारपण यांना किती मिनिटं धरली तो रकाना उघडा. मालक लगेच देणार नाहीत. पण यंत्राच्या तेल-पाण्याचा रकाना त्याच तक्त्यात असतो, तेव्हा आमचा का नाही, हा प्रश्न कुठल्याही लाईनवरच्या बाईला विचारता येतो. ज्या गटांना असा तक्ता मिळेल त्यांनी तो वाचायला आमच्यासारख्यांना हाक मारावी. तो एकत्र बसून वाचू या.