जितके पैसे तितकी मते

आमच्या तालुक्यातील काही तरुण कार्यकर्त्यांनी पक्षनिधीसाठी एक योजना पुढे आणली आहे. गावोगावच्या गाणाऱ्या मुलामुलींची स्पर्धा घ्यावी, त्यांची गाणी मोबाइलवरून सर्वत्र पोहोचवावीत, विजेता लोकांच्या मतांनी ठरवावा आणि प्रत्येक मतामागे पाच रुपये घ्यावेत. एका माणसाने हवी तितकी मते द्यावीत, कारण मते जितकी अधिक तितका निधी अधिक. योजना मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्यांच्यातील दोघे तर माझे विद्यार्थीच होते. परंतु योजनेच्या समर्थनार्थ त्यांनी जो दाखला दिला, तो मुकाट्याने ऐकून घेणे मला शक्य झाले नाही. ते म्हणाले, "सर, ‘इंडियन आयडॉल’ने तरी दुसरे काय केले? एका साध्या मराठी मुलाला लोकांनी मते देऊन वर आणले. ही कलेतली लोकशाहीच नव्हे काय?"

हा युक्तिवाद त्यांचा नाही. २००५ साली तो आपल्याच गोटातील जाणत्या मंडळींनी केला होता आणि त्या वेळी आपण कोणीही त्याला उत्तर दिले नाही. म्हणून वीस वर्षे जुने प्रकरण उकरून काढण्याचा दोष पत्करतो.

‘इंडियन आयडॉल’चे पहिले पर्व ऑक्टोबर २००४ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झाले. ब्रिटनमध्ये २००१ साली निघालेल्या ‘पॉप आयडॉल’ या कार्यक्रमाची ती भारतीय आवृत्ती होती. अनू मलिक, सोनू निगम आणि फराह खान हे परीक्षक होते. मात्र स्पर्धेच्या उत्तरार्धात परीक्षकांनी बोलायचे आणि प्रेक्षकांनी फोन व एसएमएस यांच्याद्वारे निकाल लावायचा, अशी व्यवस्था होती. तत्पूर्वी १९९५ पासून झी वाहिनीवर ‘सा रे ग म’ चालू होते. तेथे निकाल जाणकारांच्या गुणांवर लागे. कोणी म्हणेल की ती मूठभर उस्तादांची मिरासदारी होती आणि नव्या कार्यक्रमाने ती मोडली. मोडली हे खरे. परंतु उस्तादाच्या हातून काढून घेतलेला अधिकार कोणाच्या हाती गेला, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता.

५ मार्च २००५, शनिवार. त्या रात्री अंतिम निकाल होता. मुंबईचा अभिजीत सावंत आणि भिलाईचा अमित साना हे दोघे उरले होते. मी सुटीसाठी रोहिणखेडला आलो होतो. ज्या दोन-तीन घरांत केबल होती त्यांपैकी एका घराच्या ओसरीवर पंचवीस-तीस माणसे जमली होती. भारनियमनाचे ते दिवस. मध्येच वीज गेली आणि कोणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी आणण्याची खटपट करू लागला. आपल्या मराठी मुलाला मत द्यावे असे सर्वांनाच वाटत होते. परंतु त्या सगळ्या मंडळींत मोबाइल होता एकाच्याच खिशात, तोही जिनिंगवर दलाली करणाऱ्याच्या. त्याला घाटाच्या बाजूला चढून गेल्याखेरीज रेंज मिळत नसे, म्हणून तो अंतिम फेरीची मते आदल्या संध्याकाळीच देऊन आला होता. किती, असे मी विचारले. "अकरा," तो म्हणाला, "शिल्लक तेवढीच होती." निकाल लागला तेव्हा वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने आलेल्या वर्तमानपत्रातून गावाला कळले की आपला मुलगा जिंकला.

मला त्या ‘शिल्लक तेवढीच होती’ या उत्तराचा विसर पडत नाही. तीस माणसांच्या ओसरीवर एकाची अकरा मते आणि एकोणतीस जणांचे एकही नाही. त्या वर्षी ग्रामीण भारतात शंभर माणसांमागे दोन फोनदेखील नव्हते. तरीही वाहिनीने ‘देशाने कौल दिला’ असे म्हणावे आणि आपण टाळ्या वाजवाव्यात!

मताधिकाराचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना ही पद्धत अनोळखी वाटू नये. १९३५च्या कायद्याखाली ज्या निवडणुका या देशात झाल्या, त्यांत मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या कसोटीवर मिळत असे. खुद्द ब्रिटनमध्ये व्यवसायाची जागा वेगळ्या मतदारसंघात असणाऱ्यास, तसेच विद्यापीठाच्या पदवीधरास, दुसरे मत देण्याची सोय होती. मजूर पक्षाच्या सरकारने ती १९४८च्या कायद्याने बंद केली. १९५१-५२ साली आपल्या देशाने १७ कोटींहून अधिक स्त्री-पुरुषांना, ज्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती, प्रत्येकी एक आणि एकच मत दिले. जमीनदाराला एक, त्याच्या सालदारालाही एक. ‘मत’ या शब्दाला जी प्रतिष्ठा आहे ती या एकाच्या आकड्यामुळे आहे. दूरचित्रवाणीच्या व्यापाऱ्यांनी तो आकडा काढून टाकला आणि शब्द तेवढा ठेवला. व्यवहार खरेदीचा, भाषा मताधिकाराची. दुकानदाराने साबणाच्या अकरा वड्या विकल्या तर ‘ग्राहकाने अकरा वेळा कौल दिला’ असे आपण म्हणत नाही.

आता या दुकानाचा हिशेब पाहू. डॅलस स्माइथ या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९७७ साली असे प्रतिपादन केले होते की जाहिरातींवर चालणारी प्रसारमाध्यमे कार्यक्रम विकत नसून प्रेक्षक विकतात. कार्यक्रम हे केवळ आमिष. आम्हांला त्या वेळी हे थोडे अतिशयोक्त वाटले होते. एसएमएसच्या युगाने स्माइथच्याही पुढे मजल मारली. येथे प्रेक्षक विकला तर जातोच, शिवाय स्वतःच्या विक्रीचा खर्चही भरतो. गाईने दूधही द्यावे आणि वैरणीचे पैसेही मोजावेत, असा हा गोठा आहे.

यातील रकमा बहुधा बाहेर येत नाहीत. एका प्रकरणात मात्र आल्या. २००७ साली ‘कौन बनेगा करोडपती’च्या तिसऱ्या पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी एसएमएसद्वारे उत्तर देण्याची स्पर्धा होती. संदेशाला २ रुपये ४० पैसे, म्हणजे नेहमीपेक्षा चढा दर. एका ग्राहक संघटनेने तक्रार केली. सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश आणि त्यांपोटी १३ कोटी ९२ लाख रुपये, असा हिशेब राष्ट्रीय ग्राहक आयोगासमोर आला. बक्षिसांवर खर्च झाले होते १ कोटी ४ लाख. आयोगाने २००८ साली हा अनुचित व्यापार ठरवून १ कोटी रुपयांचा दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, आरोप सिद्ध करणारा पुरेसा पुरावा नाही म्हणून, तो निर्णय रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले आणि मी ते मिटलेलेच मानतो. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आकड्यांकडे पाहण्यास कोणाची हरकत नसावी. गंमत म्हणजे यातील एकेक भुर्दंड इतका लहान की तक्रार करायला कोणी जाणार नाही. कोट्यवधी माणसांकडून अडीच-अडीच रुपये घेण्यात सुरक्षितता असते, हे आपल्याकडच्या मापात मारणाऱ्या व्यापाऱ्यालाही ठाऊक आहे.

आणि जो जिंकला त्याचे काय? अभिजीत सावंतविषयी माझ्या मनात आकस नाही. मुलगा गुणी होता, नम्र होता. त्याचा ‘आपका अभिजीत सावंत’ हा गीतसंग्रह २००५ सालीच निघाला, तोही सोनीच्याच संगीत कंपनीकडून. म्हणजे कारखाना, जाहिरात आणि वखार एकाच छपराखाली! २०२४ मध्ये नव्हे काय, असे एका मित्राने मध्येच विचारले, म्हणून सन सांगतो: हाच गायक २०२४ साली ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात पुन्हा प्रेक्षकांची मते मागत उभा होता आणि उपविजेता ठरला. पहिल्या कौलाचे माप पुरेसे नव्हते असाच याचा अर्थ. राजाला दर पाच वर्षांनी नव्हे, दर शुक्रवारी नवा वारस हवा असतो.

आल्फ्रेड मार्शलने आपल्या ग्रंथात म्हटले होते की मानवी आवाज पोहोचण्याला मर्यादा आहे, म्हणून गायकाच्या कमाईलाही मर्यादा राहील. शेर्विन रोझेनने १९८१ च्या आपल्या निबंधात दाखविले की तंत्रज्ञानाने ती मर्यादा गेली की गुणांतील अल्प फरकाचे रूपांतर उत्पन्नातील अफाट दरीत होते. पहिला सर्व घेतो. दुसऱ्याचे नाव लोक विसरतात. दहाव्याचे कधी कळलेलेच नसते. ही दरी पूर्वी निदान बाजाराच्या नावावर खपविली जाई. आता ती लोकांच्या मताच्या नावावर पवित्र करून घेतली जाते, आणि हरलेल्या मुलाला सांगता येते की बाबा रे, तुला कंपनीने नाही, लोकांनीच नाकारले.

यावर एक आक्षेप असा येईल की लोकांच्या भावनांना मी तुच्छ लेखतो. तसे नाही. २००७ साली तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठी तेथील डोंगराळ भागातील गोरखा समाजाने वर्गण्या काढून मते पाठविली. त्याच उठावातून बिमल गुरुंग यांचे नेतृत्व पुढे आले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना झाली. ज्यांची दखल कोणी घेत नाही अशा लोकांना आपला माणूस पडद्यावर दिसावा असे वाटते, ही भूक खरी आहे. आमच्या ओसरीवरही तीच होती. या भुकेलाच दरपत्रक लावले, हा माझा आक्षेप आहे.

स्पर्धेला माझा विरोध नाही. कलगी-तुऱ्याचे फड रात्र रात्र एकमेकांना अडवीत, श्रोते उघडपणे बाजू घेत; पण उजाडल्यावर बिदागी दोन्ही फडांना मिळे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आणि राम नगरकर पुढे आले. एक माळीकाम केलेला, दुसरा न्हाव्याचा व्यवसाय करणारा. त्यांना कोणी मते विकत घेऊन वर आणले नाही. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने तर वऱ्हाडातील गावेच्या गावे गाती केली. हे सगळे सांगताना मान खाली घालावी लागते, कारण कलापथके आपणच बंद पाडली. सभेला माणसे जमविण्यापुरते शाहीर बोलवायचे आणि भाषण लांबले की त्याला आवरते घ्यायला सांगायचे, हा शिरस्ता कोणत्या वाहिनीने आपल्यावर लादला नव्हता. रिकाम्या जागेत दूरचित्रवाणी आली, एवढेच.

तालुका समितीच्या येत्या बैठकीत मी या योजनेला विरोध करणार आहे आणि दुसरी सूचना मांडणार आहे. गाणाऱ्या मुलामुलींना बोलवावे. गावोगावी गायला लावावे. क्रमांक काढू नयेत. प्रत्येकाला प्रवासखर्च आणि सारखे मानधन द्यावे. हार्मोनियम माझ्या घरी आहे, तिचा भाता तेवढा दुरुस्त करावा लागेल. निधीची अडचण मला मान्य आहे. त्यासाठी पावतीपुस्तक घेऊन आठवडी बाजारात फिरू; पाच रुपये देणाऱ्याला पाच रुपयांची पावती मिळेल, मत मिळणार नाही. पहिल्या बाजाराला मी स्वतः येतो. गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा कोणीतरी मोटरसायकलवर न्यावे.