हप्त्याचा फोन आणि छातीतली धडधड

कर्जखते इंद्रायणीत सोडणारे तुकोबांसारखे सावकार आता मिळणे नाही. हल्लीचा सावकार दिवसातून दहा वेळा फोन करतो. 'छातीत धडधडते, झोप लागत नाही' म्हणत माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांत असे थकबाकीदार बरेच असतात. माझे मत असे की, हा त्रास कर्जापेक्षा लाजेचा अधिक आहे आणि लाजेवर विनोद हा चांगला उतारा आहे. एक आजोबा फोन उचलताच म्हणतात, "या, बसा! चहा देतो, साखर तेवढी तुमची आणा!" पलीकडचाही हसतो, मग बोलणे माणसासारखे होते.

मात्र विनोद ही वेदनाशामक गोळी, मूळ उपचार वेगळा. स्वतःहून बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नकोत, धमक्या तर कधीच नकोत, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. तरी छळ झाला तर तारीख-वेळ टिपून लेखी तक्रार करा. जीव नकोसा वाटला तर घरी बोला, 'टेली-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर बोला. कर्ज फेडायला आधी माणूस धड हवा!