सुरक्षा परिषदेस: आता उरलेले दारही लावून घेणार का?



येत्या 10 जुलै 2021 ला तुर्कस्तानातून सीरियात मदत नेणाऱ्या बाब अल-हवा सीमानाक्याची मुदत संपते. आठवण करून देण्याची गरज नाही. ती तारीख तुम्हीच ठरवली आहे.

2014 मध्ये ठराव 2165 करून तुम्ही सीरियात मदत नेण्यासाठी चार सीमानाकी खुली केलीत. जानेवारी 2020 मध्ये चाराची दोन झाली. मार्चमध्ये कोरोना ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर झाले. 1 जुलैला तुम्ही एकमताने फर्मावलेत की, साथ लक्षात घेऊन जगभरच्या युद्धांना किमान 90 दिवस विराम द्यावा. 7 जुलैला नाक्यांच्या मुदतवाढीवर रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. 9 जुलैला वायव्य सीरियात पहिला रुग्ण सापडला, आणि तो होता डॉक्टर. 10 जुलैला पुन्हा नकाराधिकार. 11 जुलैला दोनाचे एक नाके उरले, बाब अल-हवा. साथ येऊन ठेपली असताना औषधांची वाट अडवायची, ही तत्परता खरोखर वाखाणण्याजोगी!

सगळी मदत दमास्कसमार्गे, म्हणजे सीरियाच्या सरकारमार्फत जाऊ द्या, असा रशियाचा आग्रह आहे. दमास्कसमार्गे काय होते ते ईशान्य सीरियातल्या कामिश्लीला विचारा. 2 एप्रिल 2020 रोजी तिथे एक रुग्ण दगावला. त्याचा नमुना दमास्कसला गेला होता. कोरोना होता, हे स्थानिक प्रशासनाला कळले दोन आठवड्यांनी! तोवर त्याच्या घरच्यांनी कोणापासून लांब राहायचे होते? आणि वायव्येतल्या इदलिबचे म्हणाल, तर जुलै 2020 पासून दमास्कसहून तिथे मदतीचा एकही ताफा पोहोचलेला नाही.

वायव्य सीरियात 34 लाख लोकांना मदतीची गरज आहे. तुर्कस्तानातून दरमहा सुमारे हजार ट्रक जातात, 24 लाख लोकांपर्यंत पोहोचतात. एप्रिलमध्ये लसीचे पहिले 53,800 डोस गेले, तेही बाब अल-हवातूनच. अख्खे कुटुंब एका तंबूत राहते तिथे अंतर पाळा म्हणणे ही थट्टा आहे. तिथे लस हाच काय तो आधार, आणि तिचाही रस्ता तुमच्या मतदानावर टांगलेला.

यंदा परिषदेत भारतही आहे, म्हणून आमच्या प्रतिनिधींना वेगळे सांगणे आहे. गेल्या एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऑक्सिजनसाठी माणसे तडफडत होती. परदेशांतून सिलिंडर आले, आपण ते विमानतळावर उतरवून घेतले. दुसऱ्या कुणा देशाच्या मतासाठी आपण थांबलो नाही. तेव्हा इदलिबच्या रुग्णाला सीरियाच्या सार्वभौमत्वाचे धडे देऊ नका.

मागणी साधी आहे. बाब अल-हवाला पूर्ण वर्षाची मुदतवाढ द्या. बंद केलेली बाब अल-सलाम आणि अल-यारुबिया ही नाकी पुन्हा उघडा. ते जमणार नसेल, तर पुढच्या साथीत युद्धविरामाचे ठराव करण्याचे कष्ट घेऊ नका. हात वर करून माणसे मारायला बंदूक लागत नाही, हे जगाने एकदा पाहिले आहे.

एक मराठी वाचक
जून 2021