दवाखान्याची पट्टीही ओळीने लिहिलेली हवी



बाजारात माल विकला की हातात पट्टी पडते. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, सगळे ओळीने लिहिलेले असते. एखादी कपात पटली नाही तर आपण जागेवरच विचारतो. क्विंटलमागे पाच-दहा रुपयांसाठी भांडणारे आपण, दवाखान्यात मात्र 'औषधे व साहित्य : ६२,०००' अशी एकच ओळ लिहिलेला कागद मुकाट्याने घेतो आणि सावकाराचे दार गाठतो.

असे का? आपला माणूस आत खाटेवर असतो. विचारले तर डॉक्टर रागावतील, उपचारात हयगय होईल, ही भीती असते. परक्या गावात तर ती दुप्पट होते. कोरडवाहू भागातला कर्करोगाचा रोगी आता पनवेल तालुक्यातल्या खारघरपर्यंत जातो. टाटा स्मारक केंद्राची मोठी संस्था तिथे आहे. अशा मुक्कामात बाहेर कुठे पैसे मोजावे लागले, तर ओळखीचे कोणी जवळ नसते. हातातला कागद हाच साक्षीदार.

म्हणून तो कागद पुरा हवा. खाटेचे भाडे किती दिवसांचे, डॉक्टरांच्या भेटी किती, कोणती तपासणी कोणत्या तारखेला, औषधाचे नाव, नग, छापील किंमत, आणि न वापरता परत केलेल्या औषधांची वजावट.

हे मागणे नवे नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटची कमाल किंमत बांधली. लाखाच्या वर छापील किंमत असलेला औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. सरकारने भाव बांधावेत की नाही, यावर वाद होऊ शकतो. आपल्या मालाचा भाव पाडला जातो तेव्हा काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण त्याच आदेशात दुसरी अट होती : स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर बिलात वेगळे लिहा. त्या अटीवर वाद असायचे कारण नाही. जे विकले त्याचे नाव लिहायला काय हरकत?

करोनात २०२० साली राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांचे दर ठरवले आणि बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले. जादा घेतलेली रक्कम अनेकांना परत मिळाली. ती रक्कम सापडली, कारण बिल ओळीने तपासले गेले. एकाच ओळीच्या बिलात तपासणार काय?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत तपशीलवार बिलाचा हक्क लिहिलेला आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावणे त्यात बंधनकारक केले. पैसे थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही त्यातच आहे.

आम्ही डॉक्टरांच्या विरोधात नाही. रात्री-अपरात्री दार उघडणारा तालुक्याचा डॉक्टर आपलाच आहे. त्याने आपल्या विद्येचे आणि कष्टाचे दाम घ्यावे, खुशाल घ्यावे. पण ते आपल्या नावाने घ्यावे, 'इतर' या नावाने नको. हिशेब चोख असेल तर दाखवण्यात त्याचीही अब्रू वाढते.

तेव्हा एवढे करा. भरती करतानाच अंदाजी खर्च लेखी मागा. दर दोन दिवसांनी झालेला खर्च विचारा. पैसे भरण्याआधी तपशीलवार बिल घ्या. दिले नाही तर लेखी तक्रार करा; महापालिका असेल तिथे महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. एकट्याने विचारायला जीभ रेटत नसेल तर गावातली चार माणसे बरोबर न्या. आवाज चढवू नका, कागद मागा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घरातली जुनी बिले घेऊन या. एकत्र बसून वाचू.